रविवारचा मेगाब्लॉक

शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर एक लहानशी बातमी असते. माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाऊन धीमा मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. आमच्या घरी आई ती मोठ्याने वाचायची आणि मग रविवारचं ठरायचं. आत्याकडे परळला जायचं की नाही, जायचं तर अकराच्या आत निघायचं की चारनंतर. मेगाब्लॉकवर मुंबईकर चिडतो, फलाटावर उभा राहून बोटं मोडतो, पण रूळ, तार आणि सिग्नल यांना हात लावायला गाड्या थांबवाव्या लागतात हे त्याला मनातून पटलेलं असतं. म्हणून तर ते काम तारीख, वार, वेळ सांगून, उजेडात करता येतं.

मी वेब अ‍ॅप्लिकेशन्स सांभाळते. नवी बांधण्यापेक्षा दुसऱ्यांनी बांधलेली चालती ठेवण्यात माझी गेली बरीच वर्षं गेली. आमच्या कामात मेगाब्लॉकसारखा शब्दच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नवं बटण, नवा रिपोर्ट, नवं पान यांसाठी वेळ मागता येतो. 'खालचं सगळं जुनं झालंय, ते बदलायला वेळ द्या' म्हटलं, की समोरचा विचारतो, 'पण चालतंय ना?'

जानेवारी २०२४ मध्ये मध्य मुंबईतल्या एका पतपेढीचं अ‍ॅप्लिकेशन माझ्याकडे आलं. पिग्मीचा मोठा कारभार. एजंट बाजारात फिरतात, भाजीवाल्या, फुलवाले, चहाच्या टपऱ्या यांच्याकडून रोजचे वीस, पन्नास, शंभर रुपये घेतात, मोबाइलवर नोंद करतात आणि कमरेच्या छोट्या प्रिंटरमधून पावती काढून देतात. हे सगळं २०१७ मध्ये लिहिलेलं. लिहिणाऱ्या मंडळींनी २०१९ नंतर फोन उचलणं सोडलं होतं. सर्व्हरवर नोड १० चालू होतं (नोड म्हणजे सगळा कोड ज्याच्यावर धावतो तो पाया, १० हे त्याचं व्हर्जन), ज्याचा आधार, म्हणजे कर्त्यांकडून होणारी दुरुस्ती, एप्रिल २०२१ मध्येच संपला होता. आणि तरीही रोज सकाळी सहाला पहिली पावती निघत होती.

मी पहिल्याच दिवशी नव्या लॅपटॉपवर प्रकल्प उतरवून घेतला आणि इन्स्टॉलची आज्ञा दिली. ती मध्येच अडकली. पानांचं रंगरूप तयार करणाऱ्या नोड-सास या पॅकेजला माझ्या नोडसाठी तयार बायनरी, म्हणजे थेट चालवता येईल अशी फाइल, मिळेना. म्हणून ते माझ्याच मशीनवर सी प्लस प्लस या भाषेतल्या कोडमधून बांधून घ्यायची खटपट सुरू झाली, आणि त्यासाठी पायथन २ या आणखी एका भाषेची शोधाशोध. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपलेला. नोड-सास ज्या लिबसासवर उभं होतं, तेही त्याच्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मोडीत काढल्याचं जाहीर केलेलं.

म्हणजे ते अ‍ॅप्लिकेशन फक्त त्या एका सर्व्हरवर जिवंत होतं. तिथे २०१९ मध्ये जे बसवलं गेलं, ते कुणी हलवलं नाही म्हणून चालत होतं. तो सर्व्हर बसला असता तर दुसरा उभा करणं कुणालाच जमलं नसतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आजचं कुठलंही वेब अ‍ॅप्लिकेशन पूर्णपणे स्वतः लिहिलेलं नसतं. तारखा, चार्ट, पीडीएफ, एसएमएस अशा प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं पॅकेज आपण घेतो. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. आमच्या यादीत थेट अशी ८३ नावं होती. पण त्या प्रत्येकाने आणखी काही घेतलेलं, त्यांनी आणखी काही. सगळी मोजली तेव्हा दीड हजाराच्या वर पॅकेजेस निघाली. चाळीत वाटीभर साखर उसनी आणावी आणि मग कळावं की शेजारणीने ती खालच्या मजल्यावरून आणली होती, खालच्यांनी वाण्याकडून उधारीवर, तसं. या दीड हजारांमागे कुठल्या कुठल्या देशांत बसलेली माणसं आहेत. त्यातली बरीच जण नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम फुकट करतात. त्यांना ठाऊकही नाही की लालबागच्या फुलवाल्याची पावती त्यांच्या भरवशावर निघते.

या भरवशाचं नातं जगाला एकदा लख्ख दिसलं होतं. मार्च २०१६ मध्ये एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि चिडलेल्या लेखकाने एनपीएमवरची, म्हणजे ही पॅकेजेस सगळे जिथून उतरवून घेतात त्या कोठारातली, आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. अक्षरांच्या डावीकडे हवी तेवढी रिकामी जागा भरून देणं, एवढंच त्याचं काम. पण बेबलसारखं मोठं साधन फिरून फिरून त्यावर टेकलेलं होतं, त्यामुळे जगभर बिल्ड (लिहिलेल्या कोडमधून वापरायची फाइल तयार करणं) तुटले आणि एनपीएमला ते पॅकेज परत जागेवर ठेवावं लागलं. 'अकरा ओळी स्वतः लिहायला काय जातं' असं तेव्हा सगळे म्हणत होते. मला आजही त्यातलं एवढंच आठवत राहतं, की इतक्या जणांनी त्या माणसाच्या कामावर भार टाकला होता आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

असो. पतपेढीच्या समितीसमोर मी हे मांडलं तेव्हा मानद सचिव शांतपणे ऐकत होते. त्यांना सगळे काकाच म्हणतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, नोकरीची सगळी वर्षं ओव्हरहेड तारांच्या विभागात, टॉवर वॅगनवर. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"ब्लॉक किती तासांचा हवा, मॅडम?"

मला क्षणभर काही सुचेना. इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. महिन्यातले दोन रविवार, अकरा ते चार, असं ठरलं. मार्चमध्ये मात्र कशालाही हात लावायचा नाही, वर्षअखेर असते. पुढच्या शनिवारी काकांनी पतपेढीच्या फळ्यावर स्वतः खडूने लिहिलं: 'उद्या संगणक प्रणालीचा मेगाब्लॉक. स. ११ ते दु. ४. या वेळेत हस्तलिखित पावती घ्यावी.' एकाही खातेदाराने त्याचा अर्थ विचारला नाही.

पहिला रविवार काहीही न बदलता गेला. पॅकेजच्या यादीत व्हर्जनच्या आधी वर टोक असलेलं एक चिन्ह असतं. त्याचा अर्थ, पहिला आकडा तोच ठेवून याहून नवं काही आलं असेल तर तेही चालेल. व्हर्जनचे आकडे तीन. शेवटचा बदलला तर दुरुस्ती, मधला बदलला तर भर, पहिला बदलला तर जुनं वापरणाऱ्याचं मोडू शकतं. हे वचन माणसांनी पाळायचं असतं, कुठलंही यंत्र ते तपासत नाही, आणि माणसाकडून चुका होतात. म्हणून नेमकं काय बसवलं होतं ते लॉकफाइलमध्ये टिपून ठेवतात. आमच्या प्रकल्पात ती फाइल मुद्दाम वगळलेली होती. का, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मग मी सर्व्हरवर जे प्रत्यक्ष बसलेलं होतं त्यावरूनच श्रिंकरॅप या एनपीएमच्या आज्ञेने यादी तयार करून घेतली, जुनं नोड एका कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, बसवलं आणि दीड हजार पॅकेजेस त्याच नेमक्या व्हर्जनची आणून अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या मशीनवर उभं केलं. दुपारी साडेतीनला पहिली चाचणी पावती निघाली. त्या वर्षातला माझा सगळ्यात आनंदाचा क्षण तो. आता काही बिघडलं तरी मागे यायला जागा होती.

दुसऱ्या रविवारी जुन्या चारशे पावत्या आणि शंभर खात्यांचे व्याजाचे हिशेब काढून ठेवले. पुढे काहीही बदललं की नवं उत्तर त्यांच्याशी जुळवून पाहायचं.

मार्चमध्ये आम्ही थांबलो होतो, तेव्हाच २९ तारखेला ती एक्सझेडची बातमी आली. लिनक्सवर सर्वत्र वापरलं जाणारं फाइल दाबण्याचं हे साधन. वर्षानुवर्षं एकटा माणूस ते सांभाळत होता. एक मदतनीस बनून आला, हळूहळू त्याने विश्वास मिळवला आणि मग नव्या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला. दुसऱ्याच कामात असलेल्या एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला, आणि ते बाहेर पडलं. त्या अर्ध्या सेकंदाचा मी अनेक दिवस विचार करत होते. नवं ते सुरक्षित, असं समजून डोळे मिटून सगळं अपडेट करणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्याकडे एनपीएम ऑडिटने, म्हणजे पॅकेजेसमधले धोके शोधणाऱ्या आज्ञेने, शेकड्यांनी इशारे दाखवले होते. ते मी एकेक करून वाचले. बरेचसे केवळ बिल्डच्या वेळी वापरायच्या साधनांमधले होते, बाहेरच्या माणसाचा हात तिथे पोहोचत नव्हता. पण पाच-सहा थेट सर्व्हरवर येणाऱ्या विनंत्यांशी संबंधित होते, ते आधी घेतले. 'जबरदस्तीने सगळं दुरुस्त कर' अशी एक आज्ञा असते. ती मी देत नाही. ती व्हर्जनचा पहिला आकडाही बिनदिक्कत ओलांडते.

एप्रिलमध्ये साफसफाई सुरू झाली. वापरात नसलेली पॅकेजेस शोधणारी साधनं असतात. त्यांनी २९ नावं दिली. मी प्रत्येक नाव कोडमध्ये शोधलं, कुठल्या कमिटने (कोडमधल्या बदलाच्या नोंदीने) आलं ते पाहिलं, आणि २६ काढली. चारशे पावत्या जुळल्या.

आणि ३० एप्रिलच्या रात्री मासिक व्याज लावणारी स्क्रिप्ट पडली.

तिच्यात लोडॅश नावाचं पॅकेज वापरलेलं होतं. आमच्या यादीत मात्र लोडॅश कधीच नव्हतं. मी काढलेल्यांपैकी एका चार्टच्या पॅकेजला ते लागत होतं, म्हणून ते फोल्डरमध्ये येऊन पडलेलं होतं. एनपीएम २०१५ पासून सगळी पॅकेजेस शक्य तिथे एकाच मजल्यावर पसरून ठेवतं, त्यामुळे जे आपण मागितलं नाही तेही हाताला लागतं. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून दिवा लावावा, तसं सात वर्षं चाललं होतं. शेजारी खोली सोडून गेला आणि दिवा गेला. जुळवणीसाठी मी जे हिशेब ठेवले होते ते अ‍ॅप्लिकेशनच्या पडद्यावरचे. रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट मी वेगळी तपासली नव्हती. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी होती. लोडॅश रीतसर यादीत लिहिलं, व्याज पुन्हा लावलं, शंभर खाती हाताने तपासली. २ मे ला काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नकाशात नसलेली वायर. आमच्याकडेही सापडायच्या."

मग त्यांनी डीसी-एसीची गोष्ट सांगितली. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे तीच तार इतकी पसरली की सगळं उपनगर तिच्यावर धावू लागलं. डीसीला करंट खूप लागतो, तारा जाड, सबस्टेशनं जवळजवळ. बाकी देश २५ हजार व्होल्ट एसीवर गेला आणि आपली लोकल जुन्यावरच राहिली. ती बदलायची, पण एक दिवसही पूर्ण बंद न ठेवता. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची डीसी गाडी एप्रिल २०१६ मध्ये धावली.

"तार आधी बदलली असती तर गाड्या जागच्या जागी उभ्या," काका म्हणाले. "ज्या मार्गावर तार बदलायची, तिथे आधी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. त्या मुरल्या, मग तारेला हात लावला. सीमेवरून जाताना दिवे-पंखे क्षणभर बंद व्हायचे, आठवतंय?"

आठवतंय. पांढऱ्या-जांभळ्या गाडीत एकदम शांतता पसरायची, पंखे मंदावायचे, कुणीतरी वर बघायचं आणि लगेच पुन्हा सगळं सुरू.

घरी येऊन मी माझा आराखडा फाडला. त्यात एका रविवारी नोड १० वरून थेट २० वर उडी मारायचं ठरवलं होतं. नोड म्हणजे आमची तार. ती बदलण्याआधी वर धावणारं सगळं दोन्हीवर चालायला हवं होतं. सगळ्यात मोठी अडचण वेबपॅक ४ या बिल्डच्या साधनाची. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ हे एन्क्रिप्शनचं साधन आलं आणि त्याने एमडी४ ही जुनी हॅशची, म्हणजे मजकुराचा ठसा काढायची, पद्धत बंद केली. वेबपॅक ४ नेमकी तीच वापरतं, म्हणून नव्या नोडवर बिल्ड पहिल्याच पायरीवर पडतो. यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो, की एक पर्याय चालू करून ओपनएसएसएलला जुन्या पद्धती परत वापरू द्यायच्या. ते मला पटत नाही. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार अडकवण्यासारखं आहे ते. म्हणून नोड १० वरून १२, १४, १६ असं चढायचं आणि १६ वर थांबायचं. तिथे वेबपॅक काढून, १६ आणि २० दोन्हीवर चालणारं बिल्डचं नवं साधन बसवायचं. मगच पुढे.

ते साधन म्हणजे वीट. शब्द फ्रेंच, अर्थ जलद. व्ह्यू हे वेब पानं बांधायचं साधन बनवणाऱ्या इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलं. उच्चार 'वीट' असाच आहे, आणि पंढरीच्या वाटेवरच्या गावात आजोळ असलेल्या माझ्यासारखीला विटेवर काहीतरी उभं राहतंय हे म्हणायला फार बरं वाटतं. त्याचं चौथं व्हर्जन नोड १६ वरही चालतं. पाचवं त्याच्या पुढचं नोड मागतं. हा तपशील मी आधी वाचला नसता तर एक पूर्ण रविवार गेला असता.

हे काम ज्या रविवारी केलं तो २ जून होता. मध्य रेल्वेचा ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक चालू होता, पाच आणि सहा नंबरचे फलाट रुंद करायचा. सीएसएमटीला दहा-अकरा नंबरचे फलाट लांबवत होते, तोही ब्लॉक ३६ तासांचा. मुलुंडहून परळला जायचा प्रश्नच नव्हता. मी घरी बसून वेबपॅकच्या सेटिंगच्या तीनशे ओळी वाचत होते. प्रत्येक ओळ कुणीतरी कशासाठी तरी लिहिली होती. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठीच चाळीस ओळी होत्या. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण पतपेढीच्या काउंटरवर एखादं जुनं मशीन असेल तर? काकांना फोन केला. ते स्वतः जाऊन चारही मशीन बघून आले. मग त्या ओळी काढल्या. नोड-सास गेलं, त्याच्या जागी डार्ट सास आलं. संध्याकाळी नवा बिल्ड काही सेकंदांत झाला. जुन्याला चार मिनिटं लागायची.

बाकीचं भराभर झालं. रिक्वेस्ट नावाचं पॅकेज फेब्रुवारी २०२० मध्येच कर्त्यांनी थांबवलेलं. एसएमएससाठी ते वापरलं जायचं. नोड १८ पासून दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारं फेच आतच मिळतं, त्यामुळे त्या जागी वीसेक ओळी पुरल्या. तारखांचं मोमेंट हे पॅकेज मात्र मी ठेवलंय. त्याच्या चमूने सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच सांगितलं, की नव्या कामात हे वापरू नका, आम्ही आता फक्त देखभाल करू. पण आमचं व्याजाच्या दिवसांचं सगळं गणित त्यावर आहे. मोमेंटमध्ये तारखेत एक दिवस मिळवला की मूळ तारीखच बदलते, आणि पहिल्या प्रोग्रामरने जिथे जिथे आधी प्रत काढून ठेवली आहे, तिथे तो एकदा पोळलेला आहे हे दिसतं. ते वेगळ्या ब्लॉकचं काम आहे, आणि ते आणखी पावत्या, आणखी हिशेब गोळा केल्याशिवाय मी करणार नाही.

ऑगस्टमध्ये नोड २० वर आलो. यादी ८३ वरून ३४ वर आली होती. शेवटी एक पॅकेज राहिलं. इंग्रजी आकडे मराठी करून लाख-हजारांचे स्वल्पविराम टाकणारं, लहानसं, वर्षानुवर्षं कुणी न हात लावलेलं. हे तर भाषेतच आहे, मी मनात म्हटलं. इंटल नावाची सोय 'मराठी, भारत' सांगितलं की आपोआप देवनागरी आकडे देते, स्वल्पविरामही आपल्या पद्धतीचे. मग कशाला घेतलं असेल? कमिट उघडला. २०१७ चा, संदेश मराठीत: 'पावतीवर मराठी आकडे. कलेक्शनवाल्या ताई म्हणतात, बायकांना इंग्रजी वाचता येत नाही.'

त्या प्रोग्रामरने इंटल करून पाहिलं असणार. पण नोड १३ येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१९ पर्यंत, नोडसोबत फक्त इंग्रजीची भाषिक माहिती यायची. मराठी मागितलं तरी इंग्रजी आकडेच मिळायचे. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्याला मी कधी भेटले नाही आणि ज्याच्या वगळलेल्या लॉकफाइलवर मी फेब्रुवारीत मनातल्या मनात बोलले होते, त्याच्याबद्दल त्या दिवशी मला खूप आपलेपणा वाटला.

पॅकेज काढलं, इंटल लावलं, चारशे पावत्या जुळवल्या. अकरा जुळल्या नाहीत. पन्नास रुपये पन्नास पैसे '५०.५' असे येत होते. दशांशाची दोन स्थानं सक्तीची केली. चारशेच्या चारशे जुळल्या.

त्या सोमवारी संध्याकाळी मी कलेक्शनवाल्या ताईंबरोबर बाजारात गेले. रस्ता ओला होता, गणपतीच्या खरेदीची गर्दी सुरू झाली होती. कोपऱ्यावर कोथिंबीर-मिरची विकणाऱ्या आजींनी पन्नासाची नोट दिली, ताईंनी नोंद केली, प्रिंटरमधून पट्टी बाहेर आली. आजींनी ती हात लांब करून धरली आणि बोट फिरवत एकूण जमा वाचली, "अठरा हजार चारशे पन्नास." मग बटव्यातून कालची पावती काढून शेजारी धरली, दोन्ही ताडून पाहिल्या, एकत्र घडी घातली आणि बटव्यात ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाची कोथिंबीर बांधायला घेतली. कालची पावती जुन्या पॅकेजवर निघालेली होती.